लिंबू न घालता

सराफ कट्ट्यावरून आणलेली वीतभर चांदीची तार
मी ब्लीचमध्ये बुडवून काळी करते.
पोतनीस सराफांनी विचारलं होतं, पैंजणाला का?
म्हटलं, नाही, उसाच्या रसाला.
त्यांनी तार पुन्हा एकदा तोलली.

दुसरं टोक पेन्सिलीचं शिसं,
त्यावर थेंबभर एन्झाइम,
कुठल्याशा बुरशीच्या पोटातून आलेलं
आणि आमच्या विभागातल्या सगळ्या पंख्यांहून महाग.
विश्रामबागेत वीज गेली
की मी आधी फ्रीजकडे धावते.

ग्लुकोज त्याला भेटतं, इलेक्ट्रॉन सुटतात,
सुटलेले मोजायचे, एवढंच माझं काम.
मायक्रोअँपिअर म्हणजे किती?
मुंगीनं दाणा उचलताना टाकलेला सुस्कारा,
असं मी पहिल्या वर्षाच्या पोरींना सांगते.
त्या वहीत लिहून घेतात.

मिरज रस्त्याला दस्तगीरमामूंची रसवंती.
चरकाची घुंगरं थांबली की मी म्हणायचं,
एक हाफ. बर्फ नको, आलं नको, लिंबू नको.
‘मग त्यो रस हाय का औषद?’
मी समजावते: लिंबातलं क जीवनसत्त्वही
शिशाला इलेक्ट्रॉन देऊन बसतं,
साखर नसली तरी साखर आहे म्हणून सांगतं.
‘म्हंजे लिंबू खोटं बोलतंय.’
हो.
‘चाळीस वर्सं पिळतोय. मला न्हाई कधी बोललं.’

पहिल्या दिवशी आलेख जमिनीला चिकटून राहिला.
ग्लास ओठाला चिकटेल इतका गोड,
आणि रेघ जेमतेम हललेली.
शेजारच्या बाटलीतल्या केशरी पाण्यानं मात्र
कागदाचं वरचं टोक गाठलं.
मग आठवलं, उसातली साखर जोडीनं राहते,
माझं एन्झाइम फक्त सुट्या ग्लुकोजला ओळख देतं.
बाटलीतल्या आंबटानं जोडी आधीच फोडून ठेवलेली.
मगदूम सर म्हणाले, इन्व्हर्टेज घाल.
घातलं. रेघ उठली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण झालं.

प्रबंधात नाही ते असं:
मार्चमध्ये मी यंत्रच टपरीवर नेलं,
एकाच मोळीतल्या उसाचा रस दर दोन तासांनी मोजला.
काही न घालता रेघ आपोआप चढत गेली,
दहाला, बाराला, दोनला,
तोडलेला ऊस उन्हात उभ्याउभ्या
आतल्या आत सुटत चाललेला.

कसं सांगावं, म्हणून मी आडून विचारलं,
मामू, संध्याकाळी गिऱ्हाईक किती असतं?
‘ह्या मोळीला चारनंतर हात लावत न्हाई मी.
फेसाचा वास फिरतो.’
चव बघता?
त्यांनी बोट पुढं केलं. टोकाला बारीक बारीक ठिपके.
‘अकरा वर्सं झाली, थेंब न्हाई घेतला.
मिरजेच्या डॉक्टरीणबाई लई कडक हाईत.’
खिशातून त्यांनी आपलं यंत्र काढलं,
माझ्या यंत्राशेजारी गल्ल्यावर ठेवलं.
बहुतेक त्याच बुरशीचं, मी म्हटलं.
मामू दोन्हींकडं बघत राहिले,
पाव्हणे निघाल्यासारखे.

त्यानंतर खेळच झाला.
मी पट्टी बुडवायच्या आधी
ते ग्लास नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे.
काल म्हणाले, ‘बावीस.’
पडद्यावर एकवीस पूर्णांक आठ.
‘शिकतंय,’ म्हणाले, माझ्या यंत्राला.

मग दुपारच्या ताज्या मोळीतला
एक ऊस घडी घालून चरकात सारला,
घुंगरं वाजली, अर्धा ग्लास भरला.
मी पट्टी उचलली तसा त्यांनी हात आडवा केला.
‘आजचं मापून झालं न्हवं?’
त्यांनी आख्खं लिंबू पिळलं, ग्लास माझ्या हातात दिला.
‘आता बोलू दे त्याला खोटं.
पी.’